उभं राहण्याचा दान्सोन

लोमा आल्ता,
२ जुलै १९८३

सिप्रियानो,

तू बुधवारी वेराक्रूसला नीट पोचलास हे नाबोरकडून कळलं. बसमध्ये तू खिडकीची जागा सोडायला तयार नव्हतास आणि समुद्र दिसल्यावर टोपी काढलीस, हेही त्याने सांगितलं. नाबोर बस कमी चालवतो आणि तोंड जास्त चालवतो, पण पत्रं वेळेवर पोचवतो म्हणून मी त्याला काही बोलत नाही.

एकोणपन्नास वर्षांत तू पहिल्यांदा सुटी घेतली आहेस. ती तुला लाभो. तुझी चायो आणि मुलं ठीक आहेत. चर्चमधली संध्याकाळची रोझरी सध्या मी सांगतो. लोक म्हणतात मी फार भरभर सांगतो. सांगू देत.

पण तू फक्त समुद्र बघायला गेलेला नाहीस, हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. एवारिस्तोला जाऊन येत्या चौदा ऑगस्टला वर्ष होईल. आपली बहीण ओतिलिया नवऱ्याच्या शिवणाच्या दुकानावरच्या खोलीत एकटी राहते. वय सत्तावन्न, एक गुडघा धड नाही. इथे घर आहे, आपली माणसं आहेत, आईबापांची थडगी आहेत. तिला सोबत घेऊन ये. मी सांगितलं तर ती ऐकणार नाही. तुझ्यावर तिचा जीव आहे, आणि तू हळू बोलतोस.

आणखी एक. नाबोर म्हणतो की ती संध्याकाळी चौकात जाते. काळे कपडे घालून, खुर्चीत बसून दान्सोन, म्हणजे तिकडचं ते नाचाचं संगीत, ऐकते. ज्या घरात दुखवटा आहे त्या घरात आपण रेडिओवर फडकं टाकतो, आणि ही बँडच्या पुढ्यात जाऊन बसते. तिच्या बुटाचं टोक हलत होतं, असं नाबोर म्हणाला. एवढं बारीक तो कसं बघतो मला माहीत नाही, पण खोटं बोलायची त्याला सवय नाही.

महिनाअखेरपर्यंत दोघं या.

फर्मिन


वेराक्रूस,
६ जुलै १९८३

फर्मिनदादा,

तुझं पत्र नाबोरने ताईच्या देखतच माझ्या हातात दिलं. ती म्हणाली, "फर्मिनचं अक्षर लांबून ओळखू येतं. एकेक शब्द ओळीत उभा करून दम दिल्यासारखा." मी पत्र खिशात घातलं. ती शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली, "मला न्यायला आलायस ना?"

मी म्हणालो, "सुटीवर आलोय."

"मग आधी सुटी घे," ती म्हणाली, आणि उठून मला तळलेली केळी आणि भात वाढला. पुढे तो विषय तिने काढला नाही आणि मीही नाही. तेव्हा तू विचारलेल्या गोष्टीबद्दल आज माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. पण बाकीचं बरंच आहे, आणि ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

इथे उकाडा असा आहे की सकाळी घातलेला सदरा दुपारी पिळता येतो. चौकाच्या कडेला, कमानींखालच्या एका मोठ्या कॉफीघरात ताई मला घेऊन गेली. तिथे ग्लासात आधी चार बोटं काळी कॉफी देतात, आणि चमच्याने ग्लास वाजवला की वेटर उकळतं दूध घेऊन येतो आणि हात उंच करून धार सोडतो. सगळीकडून चमच्यांचा किणकिणाट चालू असतो. मी वाजवायला लाजलो आणि काळीच पीत बसलो. शेवटी ताईनेच माझा ग्लास वाजवला. कॉफी आपल्याच डोंगरावरची होती, दादा. पहिल्या घोटाला कळलं. इतक्या लांब येऊन घरचं कोणी भेटावं तसं वाटलं.

आता चौकाबद्दल. ऊन उतरलं की कमानींखालची माणसं खुर्च्या उचलून मोकळ्यावर आणतात. बँड जुना आहे. त्याचे म्होरके मास्तर सेवेरो क्लॅरिनेट वाजवतात. त्यांच्या मागे पितळी ताशे, दोन व्हायोलिनं, आणि एक बारका माणूस वाळलेल्या दुधीच्या पोटावर काडी घासत बसलेला. नाचणारे बहुतेक आपल्या वयाचे किंवा त्याहून मोठे. पुरुष पांढऱ्या चुणीदार सदऱ्यात, बायांच्या हातात पंखे. त्यातले निम्मे सदरे एवारिस्तोने शिवलेले आहेत, ताईने मला एकेक दाखवला. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. एका फरशीवर उभं राहून नाचता येईल इतकं ते शांत असतं.

आणि पहिल्याच संध्याकाळी माझी फजिती झाली. एक जोडी फार सुरेख नाचत होती. एकाएकी सगळे थांबले, वळून बँडकडे तोंड करून उभे राहिले, बायांनी पंखे उघडले, पुरुषांनी कपाळं पुसली. मला वाटलं संपलं, म्हणून मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. एकटाच. शेजारी रेमेदिओसबाई म्हणून ताईची मैत्रीण बसली होती, ऐंशीच्या घरातली. तिने माझा हात धरून खाली ठेवला. "बाळा, गाणं चालू आहे," म्हणाली. "हा भाग उभं राहायचा."

मग तिने समजावलं. प्रत्येक दान्सोनमध्ये एक सुरावट असते, ती पुन्हा पुन्हा येते. ती वाजली की थांबायचं, बँडकडे बघायचं. नवीन सुरावट आली की नाचायचं. मग पुन्हा ती पहिली, पुन्हा थांबायचं. जो त्या सुरावटीत पाय हलवतो त्याला नाच येत नाही असं इथे समजतात, बाकी कितीही येवो.

ताई या सगळ्यात दुसऱ्या ओळीत खुर्चीत बसते. काळा पोशाख, हात मांडीवर, पंखा मिटलेला. तिच्या बुटाचं टोक मी पाहिलं. हलत नव्हतं.

तुझा
सिप्रियानो


लोमा आल्ता,
९ जुलै १९८३

सिप्रियानो,

तू चार पानं लिहिलीस. त्यात दुधीच्या वाद्याला एक ओळ आहे, दुधाच्या धारेला एक ओळ आहे, आणि मी ज्यासाठी तुला पाठवलं त्याला "लिहिण्यासारखं काही नाही".

तू तिला अजून विचारलंही नाहीस. तू हळू बोलतोस म्हणून तुला पाठवलं होतं, मुका आहेस म्हणून नाही.

तिला सांग की मागची खोली मी साफ करून घेतली आहे. खिडकीला जाळी बसवली. शिवणयंत्र खिडकीजवळ ठेवलं तर उजेड चांगला येईल. चर्चला जायला तिला चढ पडणार नाही. शिवणाची कामं इथेही मिळतील. शाळेतल्या मास्तरणीला मी विचारलं आहे, गणवेश आहेत.

आणि टाळ्या वाजवणं बंद कर. आपल्या घराण्यात कोणी चौकात टाळ्या वाजवल्या नाहीत.

फर्मिन


वेराक्रूस,
१३ जुलै १९८३

फर्मिनदादा,

विचारलं. सोमवारी सकाळी, ती सदऱ्याच्या चुण्या घालत होती तेव्हा. तू लिहिलेलं सगळं सांगितलं. खोली, जाळी, गणवेश. तिने सुई तोंडात धरून सगळं ऐकून घेतलं.

"जाळी त्याने स्वतः बसवली?" तिने विचारलं.

"तसं लिहिलंय."

"त्याच्या हातून खिळे कधी सरळ गेले नाहीत," ती म्हणाली. मग तिने सुई बाजूला ठेवली आणि जे म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण मला त्यात भर घालता येणार नाही.

"सिप्रियानो, वर गावात मी फर्मिनची बहीण आहे. त्याआधी आबांची मुलगी होते. इथे मी ओतिलिया आहे. एवारिस्तो आणि मी घरात फारसे बोलायचो नाही. तो मशीनवर, मी मशीनवर, आणि दोन मशीन चालू असताना कोण काय बोलणार? आमचा संसार चौकात झाला. तिथे तो माझ्याकडे बघायचा. तीस वर्षं. आता तो नाही, पण जागा आहे. ती जागा बसमधून वर नेता येत नाही."

मी म्हणालो, "पण ताई, तू नाचत तर नाहीस."

"दुखवटा आहे ना," ती म्हणाली. "मला कोणी शिकवायला नको. वर्ष होईपर्यंत पाय उचलणार नाही. पण वर्ष झाल्यावर मी कुठे असेन, ते महत्त्वाचं."

म्हणजे नकार आहे, दादा. पण रागाचा नाही. तिने तुला निरोप दिला आहे की छातीत कफ असेल तर रात्री कांद्याचा रस घे.

एक गोष्ट तुला सांगायला हवी, म्हणजे नाबोरकडून वेगळी कळायला नको. लीनोकाका म्हणून एक निवृत्त गोदीकामगार आहे, एवारिस्तोचा जुना दोस्त. बायको जिवंत आहे, पण पाय गेल्यामुळे ती घरीच असते आणि नवऱ्याला स्वतः हाकलून चौकात पाठवते. प्रत्येक संध्याकाळी पहिल्या दान्सोनला लीनोकाका ताईच्या खुर्चीपुढे येतो, टोपी काढतो, वाकतो. ताई मान हलवते. तो म्हणतो, "तुमच्या सोयीने," आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जातो. अकरा महिने हे असं चाललंय. मला वाटलं होतं यात काही चावटपणा असेल. आता रोज बघून वाटतं, तो तिची जागा राखतोय. एखाद्या आजारी माणसाचा बाक चर्चमध्ये आपण मोकळा ठेवतो तसा.

माझ्याबद्दल म्हणशील तर मी सुटी चांगली घेतो आहे. काल कमानीखाली जेवताना हार्पवाले आले. ते माणूस बघून तिथल्या तिथे गाणं जुळवतात आणि ज्याच्यावर जुळवलं त्याने हसायचं असतं. माझ्यावर हे जुळवलं:

डोंगर उतरून आला पाहुणा, टोपी त्याची छपराएवढी,
सावलीत बसले चार खलाशी, त्याच्या वाट्याला कड तेवढी.

सगळं कॉफीघर हसलं. मीही हसलो. रेमेदिओसबाई म्हणाली, "हसताना हा त्या फर्मिनचा भाऊ वाटतच नाही." तिने मला चालायला शिकवलंय, दान्सोनची चाल. ऐंशीची बाई मला मागे ढकलते, पुढे ओढते आणि म्हणते, "खांदे सोड, तू पोतं उचललेलं नाहीस." टाळ्या वाजवल्या नाहीत.

तुझा
सिप्रियानो


लोमा आल्ता,
१९ जुलै १९८३

सिप्रियानो,

नाबोर काल वर आला. बस थांबायच्या आधीच त्याने खिडकीतून सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत झालं.

रविवारी चौकात ओतिलियाचं नाव पुकारलं. बँड वाजत होता. ती उठली आणि नाचायच्या जागेवर जाऊन उभी राहिली. काळ्या कपड्यांत. वर्षाला महिना बाकी असताना. आणि तिच्या हाताला धरून तिथे नेणारा तू होतास.

तू. जो रोझरीत एक मणी चुकला तर पहिल्यापासून सुरू करतो.

मला चर्चच्या दारात बायांनी विचारलं, "ओतिलियाचा दुखवटा संपला का?" मी काय सांगायचं होतं? मी म्हणालो, "विचारीन." मी आयुष्यात पहिल्यांदा गावाला असं उत्तर दिलं.

येत्या रविवारी नाबोरच्या बसने मी स्वतः येतोय. तू सोमवारी त्याच बसने परत ये आणि माझी खेचरं सांभाळ. तिची बांधाबांध मी करून घेईन.

फर्मिन


वेराक्रूस,
२० जुलै १९८३

फर्मिनदादा,

सोमवारीच लिहायला बसलो होतो. जमलं नाही. नाबोरला बोलायला वेळ लागत नाही, मला लिहायला दोन दिवस लागले. नाबोरने जे सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी त्याने जे पाहिलं ते झालं नाही. आता मी सांगतो ते नीट वाच, हवं तर दोनदा वाच.

मास्तर सेवेरोंची एक रीत आहे. ते कधी कधी दान्सोन कुणाच्या तरी नावाने वाजवतात. बँड सुरू व्हायच्या आधी ते मोठ्याने पुकारतात, हा दान्सोन अमक्यासाठी आणि त्यांच्या सोबत आलेल्या मंडळींसाठी. ज्याचं नाव घेतलं त्याने उठायचं, आणि तो जागेवर पोचल्याशिवाय दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही. नाव पुकारल्यावर बसून राहणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारण्यासारखं. हे इथे पोराटोरांनाही माहीत आहे.

मी ताईला न्यायला आलोय ही गोष्ट चौकात सगळ्यांना कळली होती. कुणी सांगितली ते मी विचारलं नाही. ताईने विचारलं, आणि लीनोकाकाला आठवडाभर पुरेल इतकं ऐकवलं. असो. रविवारी चौक भरला होता. मास्तर उठले आणि म्हणाले, "हा दान्सोन ओतिलियाबाईंसाठी, आणि डोंगरावरून आलेल्या त्यांच्या भावासाठी."

दादा, तूच बघ. उठली तर दुखवटा मोडला. बसून राहिली तर ज्या माणसांसाठी ती इथे राहू पाहते त्यांचा सगळ्यांदेखत अपमान. मला वाटलं म्हाताऱ्याने हे काय केलं. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात दे. गुडघा धरलाय."

आम्ही चालत गेलो. सगळे वाट सोडत होते. मधोमध पोचल्यावर ती थांबली. मास्तरांनी क्लॅरिनेट उचललं आणि ती उभं राहायची सुरावट सुरू केली. प्रत्येक दान्सोन तिनेच सुरू होतो, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. आमच्या मागून जोड्या येऊन उभ्या राहिल्या, बँडकडे तोंड करून. सुरावट संपत आली. आता नवीन सूर येणार, सगळे नाचायला वळणार, आणि मधोमध ही काळ्या कपड्यांतली बाई काय करणार? मी मनात देवमातेचं नाव घेतलं.

नवीन सूर आलाच नाही. मास्तरांनी तीच सुरावट पुन्हा सुरू केली.

एक दोन जोड्या वळल्या होत्या, त्या चाचपडल्या आणि परत उभ्या राहिल्या. सुरावट संपली. मास्तरांनी तीच पुन्हा धरली. तेव्हा चौकाला कळलं. दुधीवाल्याने काडी खाली ठेवली, ताशेवाल्याने हात हलका केला. लीनोकाकाने टोपी काढून छातीशी धरली. कुणी हललं नाही. कॉफीघरातले चमचेसुद्धा थांबले होते असं मी म्हणेन, पण ते कदाचित माझ्या कानांना वाटलं असेल. ते सगळे शंभर दोनशे लोक नाचायच्या जागेवर उभे होते आणि बँड त्यांना उभं राहा, उभं राहा, एवढंच सांगत होता.

ताईने पंखा उघडला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. ती मास्तरांकडे बघत ताठ उभी होती आणि पंखा हळू हलत होता. ती रडली नाही. मी रडलो, पण मी मागे होतो.

संपल्यावर ती मास्तरांजवळ गेली आणि म्हणाली, "फार वेळ उभं केलंत. गुडघ्याचं काय?"

मास्तर म्हणाले, "रोज बसता, त्याने आखडलाय."

आता तू म्हणशील, नाचाच्या जागेवर उभं राहणं म्हणजेही नाचणंच. मी यावर दोन दिवस विचार केला. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत आपण क्रूस घेऊन चालतो आणि प्रत्येक स्थानापाशी थांबतो. त्या थांबण्याला आपण चालणं म्हणत नाही, आणि विश्रांतीही म्हणत नाही. प्रार्थना म्हणतो. रविवारी मी जे पाहिलं ते त्याच जातीचं होतं. एका विधवेला नाचायला बंदी होती, पण उभं राहायला नव्हती, आणि ज्यांना नाचता येतं त्यांनी तिच्यासाठी नाच बाजूला ठेवला. दुखवटा याहून चांगला कसा पाळतात ते मला माहीत नाही.

एक गोष्ट आणखी लिहितो, रागावू नकोस. तुझ्या रेडिओवरचं फडकं मार्सेलिनावहिनी गेली तेव्हापासून तिथेच आहे. चार वर्षं झाली. गावाने तुला एकच वर्ष सांगितलं होतं. मला वाटतं मागची खोली तू ताईसाठी साफ केलीस हे खरं आहे, आणि तिच्यासाठीच केलीस असं नाही.

ये, दादा. रागाने आलास तरी चालेल. सोमवारी मी वर येईन आणि तुझी खेचरं सांभाळीन. पण बांधाबांध करण्याआधी एक संध्याकाळ चौकात बस. तिला न्यायचं असेल तर कुठून नेतोयस तेवढं बघून घे.

तुझा
सिप्रियानो


वेराक्रूस,
३ ऑगस्ट १९८३

सिप्रियानो,

लाल खेचराच्या डाव्या मागच्या पायाकडे लक्ष दे, नाल सैल आहे. मक्याची कोठी उघडी ठेवू नकोस. रोझरी तू सांगतोस तेव्हा लोकांना जेवायला उशीर होतो अशी तक्रार माझ्यापर्यंत इथे पोचली आहे.

माझं येणं काही दिवस लांबलं आहे. ओतिलियाच्या छपराचे पत्रे सरकले आहेत, ते केल्याशिवाय मला निघता येत नाही. शिवाय चौदा तारखेला चर्चमध्ये एवारिस्तोच्या वर्षाच्या प्रार्थनेची मिस्सा आहे. घरातलं मोठं माणूस हजर असायला हवं.

चौकात बसलो होतो. खुर्च्या वाईट आहेत.

तू माझ्या रेडिओबद्दल लिहिलंस. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

फर्मिन


वेराक्रूस,
१७ ऑगस्ट १९८३

सिप्रियानो,

तुम्ही दोघा भावांनी माझ्याबद्दल उन्हाळाभर पत्रं लिहिली. फर्मिनने तुझी सगळी बरोबर आणली होती, कागदोपत्री पुरावा म्हणून. मी वाचून काढली. तुझी चांगली आहेत, फक्त लांब आहेत. आता मीच लिहिते, म्हणजे नाबोरच्या आधी तुला कळेल.

फर्मिन आला तेव्हा काळी टोपी, काळा कोट, हातात एक पोतं कॉफी आणि खिळ्यांची पिशवी. जिना चढता चढताच म्हणाला, "सामान किती आहे?" मी म्हणाले, "आधी जेव." त्या संध्याकाळी माझ्याबरोबर चौकात आला, नजर ठेवायला. खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि बँडकडे पाठ करून बसला. अख्खी संध्याकाळ तो चर्चच्या भिंतीकडे बघत होता. रेमेदिओस म्हणाली, "तुझ्या भावाला भिंत आवडलेली दिसते." दुसऱ्या वेळी पुन्हा पाठ. लीनो माझ्यापुढे येऊन वाकला, मी मान हलवली, "तुमच्या सोयीने" झालं, हे सगळं त्याने मान वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "या फरशीवर खुर्ची डगमगते," आणि फिरवून सरळ ठेवली. त्यानंतर ती सरळच राहिली.

छपराचे पत्रे सरकलेले नव्हते. त्याने दोन दिवस वर चढून ठोकाठोक केली आणि आता सरकले आहेत. पावसात एका कोपऱ्यात गळतं. मी खाली बादली ठेवली.

मग एका सकाळी, कॉफी पिताना, त्याने मला सरळ विचारलं. यासाठी मी त्याला मानते. तुझ्यामार्फत नाही, नाबोरमार्फत नाही. म्हणाला, "ओतिलिया, वर येणार आहेस की नाही?"

"नाही," मी म्हणाले.

त्याने ग्लासात चमचा फिरवला. मग म्हणाला, "घर मोठं आहे."

मार्सेलिना गेल्यापासून चार वर्षांत तो त्याबद्दल एवढंच बोलला असेल. मला त्याच्यावर ओरडायचं होतं ते सगळं निघून गेलं. मी म्हणाले, "माहीत आहे. म्हणून दर वर्षी सुगी संपली की तू इथे ये. मागे एवारिस्तोची खाट आहे. मी तुझ्या घरात येऊन तुझं घर भरणार नाही, फर्मिन. पण तुला इथे बसायला जागा आहे."

"खुर्च्या वाईट आहेत," तो म्हणाला.

"आपली आण."

चौदा तारखेला सकाळी मिस्सा झाली. फर्मिनने पहिल्या बाकावरून अशा आवाजात उत्तरं दिली की पाद्रीबाबा दोनदा दचकले. घरी येऊन मी काळे कपडे उतरवले. पांढरा पोशाख घातला, तोच, जो एवारिस्तोने शिवला होता आणि कंबरेला जरा घट्ट झालाय. जिन्याखाली फर्मिन थांबला होता. त्याने मला पाहिलं आणि टोपी काढली. "आई अशी दिसायची," म्हणाला. ते खरं नाही, आई ठेंगणी होती, पण मी ते तसंच राहू दिलं.

संध्याकाळी मास्तर सेवेरोंनी नाव पुकारलं. माझं, आणि माझ्या सोबतच्या भावाचं. मी लीनोकडे बघत होते, तो टोपी काढून निघालाच होता. तेवढ्यात फर्मिन उठला, कोट सारखा केला आणि माझ्यापुढे हात धरला. मी हळूच म्हणाले, "तुला नाचता येत नाही."

"नाचणार कोण?" तो म्हणाला. "ही पहिली सुरावट उभं राहायची असते ना? तेवढं मला येतं. पुढचं त्या लीनोला करू दे."

आणि तसंच केलं. मला मधोमध नेलं, माझ्या शेजारी उभा राहिला, बँडकडे तोंड करून. नवीन सूर आला तसं त्याने माझा हात लीनोच्या हातात दिला आणि गर्दीतून खुर्चीकडे परत गेला. मी नाचले, सिप्रियानो. एका वर्षाने. गुडघ्याने त्रास दिला, पण पायांना सगळं आठवत होतं. मग ती सुरावट परत आली आणि मी थांबले, तर फर्मिन पुन्हा माझ्या शेजारी. टोपी काखेत, श्वास लागलेला, पण वेळेवर. लीनो दोन पावलं मागे सरला. सूर बदलला, फर्मिन गेला. सुरावट आली, फर्मिन हजर. दर खेपेला वाटेतल्या जोड्या त्याला जागा करून देत होत्या, आणि रेमेदिओस त्याच्या खुर्चीवर हात ठेवून बसली होती, कुणी नेऊ नये म्हणून.

आज नाबोरची बस आली आहे. मी फर्मिनला विचारलं नाही की उद्या परत जातोयस का, आणि तोही काही बोललेला नाही. खेचरांचं तू बघ.

त्या संध्याकाळी सगळा चौक त्याच्याकडे बघत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. तो बँडकडे बघत होता, हनुवटी वर करून, जणू त्याने परवानगी दिली म्हणूनच ते वाजत होतं.

तुझी
ओतिलिया